फळ्यावरचे एकशे चाळीस बिल्ले

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद. तुझ्या लेकीला इंजिनिअरिंग नको, सिनेमावाल्यांबरोबर जायचंय, आणि तुला सांगायचा तिला धीर होत नाही, म्हणून मला लिहावं लागतंय. तुझा गुडघा कसा आहे? (नुसतं तेल चोळून भागत नाही, चालावं लागतं.)

प्रवेशपरीक्षेच्या अभ्यासाला शांतता हवी म्हणून तू तिला माझ्याकडे पाठवलंस आणि त्याच आठवड्यात खाणीवर सिनेमावाले आले. खाणकामगाराची मुलगी मोठी होते आणि गाव सोडते, अशी गोष्ट. (आमच्या गल्लीत घरटी एक आहे, त्याला सिनेमा कशाला हवा?) तिसऱ्या दिवशी तुझी लेक कॅमेऱ्यासमोर पाटी धरून उभी!

खाणीवरच्या माझ्या दिव्यांच्या खोलीतली पद्धत तू विसरला असशील. खाली उतरताना माणूस दिवा घेतो आणि पेटीतला आपल्या नावाचा बिल्ला फळ्यावर टांगतो, वर आला की काढतो. फळ्यावर बिल्ला म्हणजे माणूस खाणीत. सुट्टीच्या दिवशी तिथे चित्रीकरण होतं. दिग्दर्शकाला रिकामा फळा उदास वाटला, म्हणून पोरीने पेटीतले एकशे चाळीस बिल्ले टांगले आणि तसेच सोडून सगळे जेवायला गेले. मी कुलूप लावायला आले तर फळा भरलेला. दिवे सगळे जागेवर होते, पण नियम बिल्ल्याचा आहे, दिव्याचा नाही. मी धोक्याचा भोंगा वाजवला.

सगळं गाव धावत आलं. ज्यांना वाचवायचं तेच पुढे. बचाव पथकाचा प्रमुख बिल्ल्यांवरची नावं वाचू लागला.

"अहो, मी इथे आहे!"

"गप रे, तू खाली आहेस. आधी बिल्ला काढ, सही कर."

(पाचवा बिल्ला प्रमुखाचा स्वतःचाच निघाला.) एकीने नवरा दिसेपर्यंत रडून घेतलं, दिसल्यावर दोन धपाटे घातले.

खाणीचे मॅनेजर दिग्दर्शकाला हाकलायला निघाले, तशी पोर पुढे झाली. "त्यांना माहीत नव्हतं. मला आत्याने पद्धत सांगितली होती. बिल्ले मी टांगले." मान ताठ होती. मग दाराशी उभी राहून तिने येणाऱ्या प्रत्येकाची माफी मागितली. घरी नेऊन मी तिला तासभर बोलले. तेवढं पुरे, आता तू बोलू नकोस.

तुझी ताई

ता. क. परीक्षा काल होती. ती बसली नाही.

आणखी एक. सिनेमात एक खाष्ट आत्या आहे. ती मी केली. "अभिनय करू नका," एवढंच दिग्दर्शक म्हणाला.

शेवटचं. तू परवानगी द्यावीस असं लिहिणार होते, पण त्यांची गाडी आज सकाळी सातची होती. पालक म्हणून सही मी केली. सिनेमाच्या युनिटच्या व्यवस्थापक बाईंच्या ताब्यात दिलं: मुलगी एक, बॅग एक, स्वेटर दोन, खोकल्याचं औषध. मिळाल्याची सही घेतली आहे.