आत्याचे चार वाफे

आप्पा, गेल्या आठवड्यात आईला समुद्र दाखवून आणला. रत्नागिरी शहराजवळच, एका टेकडीमागे लपलेली लहानशी वाळूची जागा आहे. दोन्हीकडून खडक, आणि ओहोटी असेल तेव्हाच खडकाला वळसा घालून पायी जाता येते. आदल्या दिवशी चार वाजता माणसे कोरड्या पायांनी जाताना मी पाहिली होती, वेळ कागदावर लिहूनही ठेवली होती. दुसऱ्या दिवशी बरोबर चारला आईला घेऊन उभा राहिलो, तर तिथे पोटरीभर पाणी. तुमचे घड्याळ माझ्या मनगटावर आहे. मी ते पुन्हा पुन्हा बघतो आहे आणि खडकावर कालवे, म्हणजे शिंपले, फोडणारी एक बाई हसते आहे. "रोज पाऊण तास उशीर होतो हो त्याला," ती म्हणाली. आई लगेच तिला म्हणाली, "आमचे मालक पाटकरी हुते, पाटाचं पाणी शेतांना वाटायचे. सगळ्या पाटाला पाळ्या लावल्या, समुद्राला लावायची राहिली बघा." दोघी इतक्या हसल्या की मला राग यावा की हसू, कळेना.

पाणी उतरल्यावर पलीकडे गेलो. तिथे कोणीच नव्हते. आई ओल्या वाळूत पाय पसरून बसली आणि मी परतीची वेळ मोजू लागलो. ती म्हणाली, "नगं बघू सारखं. त्या घड्याळानं तुझ्या आत्याचं कांदं वाळवलं."

तो दिवस मला आठवतो. मी नववीत होतो, त्यानंतर माझी शाळा सुटली. उन्हाळ्याचे पाणी, आत्या चिखलात उभी. "दादा, चारच वाफं राहिल्यात रं." तुम्ही चारीचे दार खाली टाकले. "घरी भाऊ. हितं पाटकरी. वेळ म्हंजी वेळ." लोक तुमच्याकडे बघत राहिले आणि माझी छाती अभिमानाने फुगली. आत्या त्यानंतर भाऊबीजेला आली नाही. तुम्ही गेलात तेव्हा आली, ओट्यावर बसली, पाणी न घेता उठली. मी मात्र त्या दिवसापासून कुठेही पाच मिनिटे आधी पोहोचतो.

त्या वाळूत बसून आईने मला पहिल्यांदाच सांगितले, की त्या संध्याकाळी रेडिओवर सातच्या बातम्या लागल्या तेव्हा तुमच्या घड्याळात सात वीस झाले होते. आत्याच्या चारीचे दार सकाळी दुसऱ्या पाटकऱ्याने त्याच्या घड्याळाने उघडले होते, बंद तुम्ही तुमच्या घड्याळाने केले. तिची वीस मिनिटे गेली. तुम्ही काटा मागे घेतला आणि म्हणालात, "कुणाला बोलू नको." जेवला नाहीत, म्हणे. मग दुसऱ्या दिवशी आत्याकडे का गेला नाहीत? लाजलात? नोकरीची भीती वाटली? की एकदा चूक कबूल केली तर पाटावर कोणीच ऐकणार नाही, असे खरेच वाटले? दर वेळी तुम्ही मला वेगळेच दिसता. आईला विचारले तर ती म्हणते, "मला काय ठावं? फोनवर तुला बोलता येत न्हाई. अक्षर चांगलं हाय, लिहून कळव आत्याला. तिचं बी वय झालं आता."

म्हणून आज बसलो. 'आत्या' एवढे लिहून तासभर थांबलो, मग तो कागद बाजूला सारून हा घेतला. तुम्हाला लिहिणे सोपे जाते, आप्पा. तुमच्याकडून उत्तर येणार नाही. आत्या मात्र दुसऱ्याच दिवशी एसटीने येऊन दारात उभी राहील, आणि तेव्हा तिची बाजू घ्यायची की तुमची, हे मला अजून ठरवता आलेले नाही.