माझ्या खोलीचा प्रश्नच नाही

८ नोव्हेंबर

चिरंजीव आज टेप घेऊन माझ्या खोलीत आले. "सहज," म्हणाले. सहज कोणी भिंती मोजत नाही! आधी दारापासून खिडकीपर्यंत मोजलं, मग पलंगावर चढून छताजवळ मोजलं – चपला काढून, एवढं तरी बरं. मी वर्तमानपत्र वाचत असल्याचं नाटक केलं. जाताना म्हणतो, "आई, लांब आहे गं तुझी खोली." जशी काही कालच बांधली.

९ नोव्हेंबर

सूनबाईंकडून उलगडा झाला. घरात थिएटर होणार! टीव्ही नव्हे – प्रोजेक्टर. मागे छताला टांगलेलं यंत्र आणि समोर अख्ख्या भिंतीएवढं चित्र. त्याला समोर चांगली लांबी लागते आणि काळोख लागतो. घरात लांब खोली एकच आहे. मी नुसतं विचारलं, लावणार कुठे? तर म्हणाली, "अजून कशात काही नाही, आई. आणि तुमच्या खोलीचा तर प्रश्नच नाही."

मी माझ्या खोलीचं नावही काढलं नव्हतं.

१० नोव्हेंबर

एकदाचं लिहून टाकते, म्हणजे डोकं शांत होईल. मी खोली देणार नाही.

सगळी नोकरी इस्पितळाच्या एक्स-रे विभागात गेली, तळघरात. जाड भिंती, खिडकी नाही, आणि डार्करूममध्ये एक लाल दिवा. सकाळी आत शिरायचं ते बाहेर यावं तोवर ऊन संपलेलं. हे घर घेतलं तेव्हा मी ह्यांना एकच अट घातली होती – पूर्वेची खोली आपली. आता रोज सकाळी ऊन पलंगाच्या पायथ्याशी येतं, मग हळूहळू माझ्या गुडघ्यांपर्यंत चढतं. हे गेल्यापासून सुख म्हणावं असं माझ्याकडे तेवढंच उरलंय. ते काळ्या पडद्याआड घालायचं? सिनेमासाठी? अजिबात नाही!

पण तोंडाने "नाही" म्हणायची वेळच येणार नाही, कारण मला कोणी विचारणारच नाही. आमच्या घरात मागत नाहीत. आडून आडून बोलून समोरच्याला इतकं अवघडून सोडायचं की त्याने आपणहून द्यावं – आणि मग "अगं कशाला, कशाला" करत घ्यायचं. रीत ह्यांच्या आईपासूनची. मी नवी सून होते तेव्हा याच रीतीने माझं शिवणयंत्र धाकट्या नणंदेकडे गेलं. आता मीही तरबेज आहे. बघू या, आधी कोण तोंड उघडतंय.

१४ नोव्हेंबर

जेवताना विषय एकच – ल्युमेन. ल्युमेन म्हणजे उजेड, हे मला पहिल्या घासाला कळलं. उजेड किती असला म्हणजे पुरे, हे चिरंजीवांना ताट धुवायला गेलं तरी कळलं नव्हतं. एका जातीत दिवा असतो, तो अधूनमधून बदलायचा. दुसरीत लेसर असतो, तो बदलायचा नसतो – तो गेला की यंत्रच बदलायचं! एकात रंग सुरेख, पण काळा रंग करडा दिसतो. दुसऱ्यात काळा म्हणजे काळा, पण नजर झटकन फिरवली तर काहींना इंद्रधनुष्य दिसतं म्हणे. सून म्हणाली, "मग नजर फिरवू नका." लग्न करतानासुद्धा या मुलाने एवढा विचार केलेला मला आठवत नाही.

मध्येच नात म्हणाली, "आजीच्याच खोलीत लावायचाय ना?" सुनेने तिच्या ताटात आणखी भाजी वाढली – तिला ती भाजी आवडत नाही.

पोरगी अजून लहान आहे. घरची रीत शिकायची आहे.

२० नोव्हेंबर

खडे टाकून बघणं चालू आहे. सूनबाई: "आई, ती आतली छोटी खोली किती उबदार आहे, नाही? गुडघ्यांना फार बरं वाटेल." मी: "हो ना, तुमच्या दोघांच्या कपाटांना अगदी योग्य आहे." चिरंजीव: "आई, सकाळचं ऊन डोळ्यांवर घेऊ नये म्हणतात." इस्पितळात आयुष्य काढलेल्या बाईला! मी: "अंधारात बसून माणूस खचतो, असंही म्हणतात." त्यांनी चहा संपवला, मीही संपवला. आज कोणीच हरलं नाही.

२८ नोव्हेंबर

दुकानात गेलो – सगळं कुटुंब. मलाही नेलं. "आई, तुझ्या डोळ्यांना काळ्या-पांढऱ्याची पारख आहे." ही खुशामत मी ओळखली, पण साडी मात्र बरी नेसून गेले.

दुकानाच्या मागच्या अंगाला एक अंधारी खोली, आत खुर्च्या. विक्रेता हळू आवाजात बोलणारा, रुग्णाजवळ बोलावं तसा. "मावशी, काळा बघा. काळ्यातला काळा बघा!" आम्ही चौघं डोळे फाडफाडून काळोखाकडे बघत बसलो. मग पडद्यावर एक जण घोड्यावरून पडला. माझ्या तोंडून निघून गेलं, "मनगट गेलं याचं." नात खो खो हसली. विक्रेत्याला वाटलं आम्हाला चित्र आवडलं, म्हणून त्याने तोच तुकडा पुन्हा लावला. मनगट पुन्हा गेलं.

चिरंजीवांनी पाच यंत्रं बघितली आणि सहाव्याबद्दल विचारलं. शेवटी विक्रेता कंटाळून म्हणाला, "साहेब, दोन यंत्रं घरीच घेऊन जा. चार दिवस लावून बघा. घरी लांब भिंत आहे ना?" चिरंजीव छताकडे बघू लागले. सून पर्समध्ये काहीतरी शोधू लागली. मी कशाला बोलू?

२ डिसेंबर

"फक्त बघण्यापुरतं, आई. दोन दिवस." झालं! यंत्र माझ्या खोलीत. माझ्या कपड्यांच्या पेटीवर स्टूल, स्टुलावर जाडजूड शब्दकोश, आणि त्यावर ती वस्तू. खिडकीला माझीच चादर टांगली. मी तोंड फिरवून बसले. चिरंजीवांनी दोनदा माझ्याकडे बघितलं. बघू दे! मला हवंच होतं त्याने बघायला.

खोलीत खुर्ची एकच, तिच्यावर तारांचं भेंडोळं. म्हणून सगळे माझ्या पलंगावर. चौघं! पलंग कुरकुरला, मीही कुरकुरले. यंत्राच्या पंख्याचा आवाज घोंघावतो. चादरीवर बिस्किटांचा चुरा.

४ डिसेंबर

दुसरं यंत्र लावलं. यात गोऱ्या माणसाचा चेहरा कावीळ झाल्यासारखा दिसतो. चिरंजीव म्हणाले, "कॅलिब्रेशन करावं लागेल." कावीळ बरी करायला सगळी संध्याकाळ गेली. नातीने पाय माझ्या मांडीवर टाकले होते. गार होते. मोजे घालायला सांगितलं तर म्हणाली, "तुझ्या मांडीवर गरम होतात की."

७ डिसेंबर

दोन दिवसांचे किती झाले, कोणी विचारत नाही. मीही विचारलेलं नाही.

आज सून सिनेमा सुरू होताच माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपली. दिवसभराच्या कामाने दमलेली. माझ्याशी बोलताना ती आजवर नेहमी पदर सावरल्यासारखी बोलत आली – नीट, गोड, अंतर राखून. आणि आज तोंड उघडं टाकून घोरत होती! मी हललेच नाही. हात बधिर झाला, तरी नाही.

चिरंजीव मागे वळून विचारत होते, "आई, या दोन्हीत काळा कुठला बरा?" मी म्हटलं, पहिल्यातला. खरं म्हणजे बघितलाच नव्हता.

९ डिसेंबर

लिहितानाही लाज वाटते, पण वही माझीच आहे. मला हे आवडतंय.

नोकरीत रोज किती माणसं माझ्यासमोर यायची! "श्वास घ्या, धरा, सोडा" – की निघाली. कोणी थांबायचं कारणच नव्हतं. घरीही तसंच. "आई, औषध घेतलंस?" "आई, दार लावून घेऊ?" – उंबऱ्यावरून विचारायचं आणि जायचं. आता रोज संध्याकाळी सगळे आत येतात, पाय वर घेऊन बसतात, एकमेकांच्या अंगावर रेलतात, भांडतात. चादर खिडकीवरून सकाळी मीच काढते आणि संध्याकाळी मीच पुन्हा लावते. काल तर त्यांच्या आधीच लावून ठेवली.

खोली द्यायची. ठरलं! ऊन काय, गॅलरीतही जरा येतं. फक्त रविवारी चहाच्या वेळी त्यांनी एकदा विषय काढावा. एक खडा टाकला की पुरे. "अगं कशाला, कशाला" त्यांनी म्हणायचं, आणि "असू दे रे" मी.

१३ डिसेंबर

रविवार. वाक्य तयार ठेवून चहाला बसले.

चिरंजीव आले ते हसतच. "आई, प्रश्न सुटला!" नव्या प्रकारचं यंत्र मिळालं म्हणे. छताला टांगायचं नाही, लांबीही लागत नाही. भिंतीपासून हातभर अंतरावर ठेवायचं, ते तिथूनच वर तिरकं चित्र फेकतं. दिवाणखान्यात बसतं. फार काळोखही लागत नाही. "गेले किती दिवस हेच शोधत होतो. मध्ये मलाही मोह झाला होता तुझ्या खोलीचा, खोटं कशाला बोलू! पण पहिल्या दिवशी चादर लावली तेव्हा तुझं तोंड बघितलं. तेव्हाच ठरवलं, नाही म्हणजे नाही."

सून म्हणाली, "तुमचं ऊन तुम्हाला, आई." तिचे डोळे भरून आले होते. दोघांना इतका आनंद झाला होता की काय सांगू.

मी म्हटलं, "छान झालं."

वाक्य गिळलं. मग खोलीत आले आणि दार लावून रडले. जिंकले मी!

१४ डिसेंबर

दोन्ही यंत्रं दुकानात परत गेली. चादर धुवायला टाकली.

१८ डिसेंबर

नवं यंत्र आलं. दिवाणखान्यात ठेवलं आहे, बुटक्या टेबलावर. चित्र उत्तम. मला आग्रहाने बोलावलं, पाठीला उशी लावलेली खास खुर्ची दिली – कडेला, म्हणजे जाता-येता त्रास नको. चिरंजीव त्यांच्या खुर्चीत, सून सोफ्याच्या एका टोकाला लॅपटॉप घेऊन, नात दुसऱ्या टोकाला पालथी. मध्ये एवढी जागा की अजून एक बिऱ्हाड राहील! सगळ्यांना सगळं नीट दिसत होतं. कोणाचाही कोणाला धक्का लागला नाही.

काळा रंग करडा दिसतो. मी सांगितलं नाही.

२२ डिसेंबर

ऊन गुडघ्यांपर्यंत आलं. मी तशीच बसून होते.

२७ डिसेंबर

भिंतीपलीकडून हसणं ऐकू येतं. मध्ये नातीचा आवाज – "आजीला बोलावू?" आणि सुनेचा, हळू – "नको गं, दमल्या असतील. उगाच उठवू नको." मी उठलेलीच होते! पलंगावर बसून, चष्मा लावून, पाय खाली सोडून. एक हाक, की गेले असते.

मी आपणहून का जात नाही? बोलावलं नाही म्हणून. ते का बोलावत नाहीत? मला त्रास नको म्हणून. सगळे एकमेकांना इतके जपताहेत की कोणी कोणाच्या वाट्याला येत नाही. आग लागो या भिडेला! ह्यांच्या आईला नावं ठेवायला मला वरच जावं लागेल, नाहीतर आजच सुनावलं असतं.

शिवणयंत्राच्या वेळी "माझं आहे, देणार नाही" असं म्हटलं असतं तर काय आभाळ कोसळणार होतं?

३ जानेवारी

चहाला सगळे असताना सांगून टाकलं. यंत्र माझ्या खोलीत आणा. काळे पडदे शिवायला टाकलेत, माप मीच दिलं. सून गडबडली – "आई, आमच्यासाठी उगाच कशाला..." म्हटलं, तुमच्यासाठी नाही. मला हवे आहात तुम्ही. सगळे. माझ्या पलंगावर.

आमच्या घरात असं कोणी कधी मागितलेलं नाही. मग चिरंजीव उठले, माझ्याजवळ येऊन बसले – अगदी चिकटून – आणि म्हणाले, "मला वाटलं, तुला आम्ही नको होतो."