अकराव्या प्रश्नाचं उत्तर

लीड्स,
रविवार, ११ मे २००८
पत्र क्रमांक ६४

प्रिय वरद,

सप्रेम नमस्कार. मी इथे मजेत आहे, तूही न्यू जर्सीत मजेत असशील. तुझं एप्रिलचं पत्र मिळालं. इथे आता नऊ वाजेपर्यंत उजेड असतो. लॅबमधलं काम नेहमीसारखंच. मागच्या शनिवारी सुप्रभाताईंकडे जेवायला गेले होते, त्यांनी पुरणपोळ्या केल्या होत्या. तुझी फार आठवण आली. पोळी तुपाबरोबर खायची की दुधाबरोबर यावरून आपण डिसेंबरात भांडलो होतो, ते आठवून हसू आलं.

इंटरव्ह्यूचं पत्र आल्यापासून दिवस मोजते आहे. आता लवकरच आपला संसार एका छपराखाली सुरू होईल. तब्येतीला जप. डोळ्यांचे ड्रॉप्स विसरू नकोस.

तुझीच,
सुनीती


लीड्स,
त्याच दिवशी, दुपारी

वरद,

सोबतचं चौसष्टावं पत्र फाइलला लाव. हे लावू नकोस.

पुरणपोळ्या वगैरे काही नव्हत्या. सुप्रभाताईंनी मुगाची खिचडी टाकली होती, त्याही दमल्या होत्या आणि मीही. पण फाइलमध्ये खिचडी कशी लिहायची? तुझ्या वकिलांनी २००३ च्या फेब्रुवारीत सांगितलं, फोनवरच्या बोलण्याचा पुरावा राहत नाही, दर महिन्याला एकमेकांना पत्र लिहा, पोस्टाच्या शिक्क्याची पाकिटं जपून ठेवा, लग्न खरं आहे हे दिसलं पाहिजे. तेव्हापासून चौसष्ट महिने मी ऑफिसरसाठी सणावारांचा स्वयंपाक करते आहे. तूही काही कमी नाहीस. मार्चच्या पत्रात तुला माझ्या हातचे उकडीचे मोदक आठवले. वरद, मला उकडीचे मोदक येत नाहीत.

परवा सुप्रभाताईंची अन्वी मला विचारत होती, ‘मावशी, वरदकाका खरा आहे का? मी त्याला कधीच बघितली नाही.’ आठ वर्षांची पोर, इथेच जन्मलेली, तिचं मराठी असंच. ताई तिच्यावर ओरडल्या. मी म्हटलं, ओरडू नका, तिने बरोबर विचारलंय. साडेपाच वर्षांत आपण एका घरात राहिलो ते सगळे मिळून चौऱ्याण्णव दिवस. लग्नाचे एकोणीस आणि मग दर डिसेंबरात तुझी पंधरा दिवसांची रजा. तुला जास्त थांबता येत नाही. मी तिकडे यावं तर व्हिजिटर व्हिसा दोनदा नाकारला, कारण जिचा नवरा तिथे आहे आणि अर्ज पडून आहे ती परत कशाला जाईल, असा त्यांचा हिशोब. बरोबरच आहे म्हणा.

खरं तर आज आनंदाने नाचायला हवं. सतरा जूनला, मंगळवारी सकाळी आठ वाजता, लंडनला अमेरिकन वकिलातीत इंटरव्ह्यू. मेडिकल झाली. इथलं पोलिस सर्टिफिकेट आलं, भारतातलंही आलं. ही बातमी ऐकून आई कऱ्हाडहून फोनवर रडली. मी मात्र बाथरूममध्ये जाऊन नुसती टबच्या काठावर बसले. मला काही वाटतच नव्हतं रे. खूप वेळ बस आली नाही की शेवटी आल्यावरही माणूस पटकन उठत नाही, तसं झालं.

मग तुझी ईमेल आली. वकिलांकडून आणलेले चाळीस प्रश्न आणि तू स्वतः टाइप केलेली चाळीस उत्तरं. ‘पाठ कर, दोघांचं सारखं यायला हवं.’ ट्रेनमध्ये पाठ केली. तुझ्या मोठ्या काकांचं नाव पुरुषोत्तम. तुझ्या घराला दोन बेडरूम. तू उजव्या कुशीवर झोपतोस. हे शेवटचं मला आठवत नव्हतं, कागदावर वाचलं तेव्हा कळलं.

प्रश्न अकरा. लग्नाची तारीख कशी ठरली? तुझं उत्तर: ‘मुलीच्या वडिलांच्या आग्रहामुळे. त्यांच्याकडे चातुर्मासात लग्नं करत नाहीत. म्हणून तुळशीच्या लग्नानंतर, २६ नोव्हेंबर २००२.’

तिथे मी अडकले आहे. गेले अकरा दिवस बारावर जातच नाही.

त्या खिडकीपाशी गेल्यावर उजवा हात वर करून शपथ घ्यायला लावतात म्हणे. खरं सांगेन, सगळं खरं सांगेन. आणि मग मी नानांचं नाव घेऊ? आता ते नाहीत तेव्हा? नाही घेणार. म्हणून त्या ऑफिसरच्या आधी तुला सांगते.

नाना तसं कधीच म्हणाले नव्हते. मी म्हणाले.

आठव, २००२ चा जुलै. आपलं ठरून दीड महिना झाला होता, मला लीड्सला येऊन दहा महिने. तू रविवारी सकाळीच फोन केलास. वकील म्हणतात माझं ग्रीन कार्ड कधीही मंजूर होईल, त्याच्या आधी लग्न झालेलं असलं तर बायको त्याच अर्जात बसते, नंतर झालं तर वेगळी रांग आणि ती रांग पाच-सहा वर्षांची. चार दिवस पुण्याला ये, तासाभरात वैदिक लग्न लावू, नोंदणी करू, समारंभ नंतर थाटात करू. तू अगदी नीट समजावून सांगितलंस. मला सगळं कळलं होतं. कळलं नाही असं म्हणायलाही मला जागा नाही.

आणि मी म्हणाले, ‘नाना चातुर्मासात नाही म्हणतात.’ कुठून सुचलं कोण जाणे. तोंडातून गेलं खरं.

लगेच कऱ्हाडला फोन लावला. नाना म्हणाले, ‘मी असं म्हणालो?’ मी म्हटलं, ‘वरदचा फोन आला तर हो म्हणा, नाना. प्लीज.’ मग नाना म्हणाले, ‘बरं. पण का, ते सांगशील ना कधीतरी?’ मी म्हटलं, सांगेन. नाही सांगितलं.

तुला एकदाही शंका आली नाही याचा मला कधीकधी रागच येतो. अरे, चंद्रशेखर मास्तर! ज्यांनी स्वतःचं लग्न पितृपंधरवड्यात रजिस्ट्रारच्या कचेरीत केलं, का, तर तेव्हा शाळेला सुट्टी होती. आपल्या लग्नात आईने हे तुझ्या अख्ख्या घराला हसत हसत सांगितलं होतं. तू तिथेच बसला होतास, जिलबी खात. असा माणूस तुळशीच्या लग्नासाठी अडून बसेल?

तुझं कार्ड मंजूर झालं धनत्रयोदशीला. तुमच्याकडे पेढे वाटले. आपलं लग्न त्यानंतर साडेतीन आठवड्यांनी.

आता ‘का’ ते. दुसरं कुणी नव्हतं, हे आधीच सांगते, नाहीतर पुढचं वाचायचा नाहीस. इथे हेडिंग्लीला एका खोलीची जागा होती माझी. त्याआधी घर, मग पुण्यात होस्टेल, एका खोलीत चौघी. एकोणतीस वर्षांत पहिल्यांदा एक दार असं होतं की ज्याची किल्ली फक्त माझ्याकडे. संध्याकाळी सात वाजता दूध-कॉर्नफ्लेक्स खाऊन झोपले तरी कुणी विचारणारं नव्हतं. नोकरीत कायम व्हायला चार महिने उरले होते. आणि तेव्हाच तू ‘चार दिवसांत लग्न’ म्हणालास. मला तू हवा होतास. फक्त इतक्यात नको होतास. हे तुला सांगायची लाज वाटली, वाटलं, तुझं मन उडेल. म्हणून नानांना पुढे केलं. मी चार महिने मागितले, मला साडेपाच वर्षं मिळाली.

तुझं कार्ड डिसेंबरात, म्हणजे आपल्या लग्नानंतर, येईल असं मी धरून चालले होते. नाही तर नाही, पाच वर्षं म्हणजे काय, कुणीतरी घाबरवायला सांगतं, प्रत्यक्षात दोनात होतं, असंही. मूर्खपणा.

नानांनी मात्र शब्द पाळला. तू दर दिवाळीला फोनवर ‘काय मुहूर्तवाले नाना’ म्हणायचास आणि ते हसायचे. २००५ मध्ये माझा दुसरा व्हिसा नाकारला तेव्हा त्यांनी तुला आपणहून फोन केला होता, तुझ्याकडूनच कळलं मला. ‘माझ्यामुळे तुमची ताटातूट झाली, मला माफ करा जावईबापू.’ तू म्हणालास, जाऊ द्या नाना. मोठ्या मनाने म्हणालास. मी हे ऐकलं आणि भांडी घासत राहिले.

आणि गेल्या वर्षी जानेवारीत ते गेले. तुला रजा मिळाली नाही, त्याचा राग नाही. दहाव्याला कऱ्हाडला तुझा फोन आला. तू म्हणालास, ‘गेलेल्या माणसाबद्दल बोलू नये, पण त्या एका मुहूर्तापायी आपली चार वर्षं गेली, सुनीती.’ मी म्हणाले, ‘हं.’

हं म्हणाले मी. माझ्या बापाचं सुतकही फिटलं नव्हतं. त्यांचा चष्मा अजून टीव्हीवर होता. तेवढं एक अक्षर मला दीड वर्ष खातंय. तू चुकलास असं नाही, तुला जे सांगितलं होतं तेच तू बोललास. मी सांगितलं होतं.

माझं वय तुला माहीत आहे. या सप्टेंबरात छत्तीस. मूल कार्ड आल्यावर बघू, असं दर डिसेंबरात ठरवलं. लॅबमध्ये रोज दुसऱ्या बायकांच्या तपासण्या करते, नळीवर जन्मतारीख असते. पूर्वी मी ती बघायची नाही, आता बघते. हेसुद्धा नानांच्या खात्यावर टाकलं होतंस तू, मागच्या भांडणात. ते तिथून काढ. माझ्या नावावर घे.

ऑफिसरला या सगळ्याचं काही नसेल. तो कदाचित अकरावा प्रश्न विचारणारही नाही. दोन मिनिटांत शिक्का मारून ‘वेलकम’ म्हणेल. पण विचारलंच, तर मी सांगणार आहे, ‘तारीख मी ठरवली.’ तुझ्या कागदावरही तसं करून घे, म्हणजे दोघांचं सारखं येईल.

मी सतराला लंडनला जाणार. यायचं नाही असा अर्थ काढू नकोस. मला यायचंय. दमले आहे, रागावलेही आहे, जास्त करून स्वतःवर, पण मला तुझ्या त्या दोन बेडरूमच्या घरात यायचंय आणि तू खरंच उजव्या कुशीवर झोपतोस का ते बघायचंय. फक्त नानांना दोषी धरून तिथे राहणं मला जमणार नाही. आणि खरं कळल्यावर तुला मी नको असेन, तर तेही मला सतराच्या आत कळव. हेडिंग्लीतलीच जागा अजून आहे, ती सोडायची नोटीस मी दिलेली नाही.

आणखी एक. मला उत्तर नंतर दे. आधी कऱ्हाडला आईला फोन कर. नाना तसं म्हणाले नव्हते हे तिला माहीत आहे, पहिल्यापासून. तुझ्या तोंडून नानांबद्दल एक चांगलं वाक्य ऐकायला ती दीड वर्ष थांबली आहे.

फाइलच्या पत्रांखाली ‘तुझीच’ लिहावं हे वकिलांनी सुचवलं होतं, म्हणून इथे ते लिहीत नाही. या पत्राखाली मला माझ्या मनाने सही करायची आहे.

चंद्रशेखर मास्तरांची मुलगी,
सुनीती