एकेचाळीस सेकंद

प्रिय याहाइरा,

रविवारी तू अर्धवट जेवून उठलीस. तुझी आई म्हणाली, पोरीला बस गाठायची असेल. कॉन्सुएलोहून राजधानीला जाणारी शेवटची बस साडेसहाला सुटते आणि तू उठलीस तेव्हा पावणेतीन वाजले होते. हे मला ठाऊक आहे, तुझ्या आईलाही ठाऊक आहे. ती फक्त माझ्याकडे बघत बसली.

चागो बोलला ते तुला लागलं. तीस वर्षांपासूनचा माझा दोस्त आहे, पण तोंडाला कुलूप म्हणून नाही. "काय गं याहाइरा, बापाने बक्षीस छान दिलं की! विल्किनसारखा पोरगा एलिहिओच्या हातून उगाच सुटतो होय? म्हाताऱ्याने सोडला. लेकीसाठी सोडला!" सगळं टेबल हसलं. तू माझ्याकडे पाहिलंस आणि माझ्या तोंडात नेमका उकडलेल्या युका कंदाचा मोठा तुकडा. तो गिळेपर्यंत तू दारात होतीस. पण खरं सांगायचं तर तोंड मोकळं असतं तरी मी काही बोललो नसतो. बोलायला लागलो की मी मध्येच तापतो, आणि तू माझ्यावरच गेली आहेस. परवापासून तीनदा फोन केला, तू घेतला नाहीस. म्हणून लिहितो आहे. सकाळचं मैदान आटोपून आलोय, जेवणाला अजून तासभर अवकाश आहे, आणि सगळं क्रमाने सांगायचं आहे.

माझा बेसबॉल क्लब सोडून तू त्या दुसऱ्या क्लबात पोरं हेरायला लागलीस त्याला या मार्चमध्ये तीन वर्षं होतील. त्या दिवशीच आपण ठरवलं होतं, एका घरात दोन क्लब म्हटल्यावर टेबलावर एकाही पोराचं नाव काढायचं नाही, आकडा तर मुळीच नाही. तुझी आई म्हणाली, "म्हणजे आता तुम्ही दोघं बोलणार तरी काय? हवापाण्यावर?" आणि खरंच आपण तीन वर्षं हवापाण्यावर बोललो. समोरासमोर बसून एकाच पोराचा विचार करत केळ्याचे तळलेले काप खाल्ले. गेल्या गुरुवारी, पंधरा जानेवारीला, विल्किन एन्कार्नासिओनने तुमच्या कागदावर सही केली. आता तो तुमचा. आता मला त्याचं नाव घेता येतं.

तुला माहीत आहे, पोरं पारखायचं हे काम मला कुणी शिकवलं नाही. सातवीनंतर साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर बसलो. उसाच्या गाडीकडे नुसतं बघून वजन सांगायचो आणि काटा माझ्यामागे यायचा. तीच नजर पुढे पोरांवर वापरली. अहवालाचे इंग्रजी फॉर्म शब्दकोश मांडीवर घेऊन भरायला शिकलो. वीस ते ऐंशीमधला आकडा द्यायचा, पन्नास म्हणजे बरा, साठ म्हणजे चांगला, सत्तर मी आयुष्यात चारदा दिलाय. हात, पाय, वेग, हे आकडे कुणीही देईल, घड्याळ आणि स्पीड गन असली की झालं. शेवटचा रकाना मनाचा. तो भरताना लोक 'पोरगा चांगला आहे' असलं काहीतरी लिहितात. मी तिथेही सेकंद मोजून आकडा देतो.

आणि तू. नऊ वर्षांची होतीस. रामोन सांतानाच्या मैदानावर पोरं साठ यार्ड धावत होती, मी सहा पूर्णांक सात लिहिला आणि खूश झालो. तू माझी बाही ओढलीस. "पप्पा, ती रेघ जवळ आहे. मी चालून आले, माझी आठ पावलं कमी भरतात." शिकवणाऱ्याने हसत तुझ्या गालाला हात लावला, "पोरगी हुशार आहे, डोन, पण पावलं छोटी आहेत." मी टेप मागवली. चार यार्ड कमी! त्या दिवसापासून माझी स्वतःची टेप गाडीत असते, आणि लोक म्हणतात एलिहिओ फार काटेकोर. त्यांना सांगत नाही की हे मला एका नऊ वर्षांच्या पोरीने शिकवलं. आता तुलाच सांगतोय.

आता ऑगस्टचा सामना. बोलिवारचं मैदान, सकाळी दहा. जाळीमागे आम्ही पोरं हेरणारे तेरा जण, तेरा स्पीड गन. माझी रीत तुला ठाऊक आहे: सामन्याआधी अंपायरला बाजूला घ्यायचं आणि सांगायचं, तिसऱ्या डावात चेंडू टाकणाऱ्या या पिचरचे तीन चांगले चेंडू वाईट ठरव. मग चेहरा, खांदे, पाय बघायचे आणि दोन चेंडूंमधला वेळ मोजायचा. ज्याचं मन कच्चं तो घाई करतो, नाहीतर रेंगाळतो. विल्किनचा नेहमीचा वेळ सतरा-अठरा सेकंद. पहिला चेंडू खोटा ठरवला, अठरा. दुसरा खोटा ठरवला, सतरा. मी मनात म्हटलं, पोरगा आहे बुवा. तिसरा खोटा ठरवला आणि त्याने आमच्याकडे पाठ केली. टोपी काढली, तोंड पुसलं, टोपी घातली, परत काढली. एकेचाळीस सेकंद. पुढचा चेंडू ब्याण्णव मैलांवरून पंच्याऐंशीवर आला, त्याच्या पुढचा चौऱ्याऐंशीवर. चागो म्हणाला, "घ्या, फुटलं मडकं." मी मनाच्या रकान्यात पस्तीस लिहिलं आणि शेजारी लिहिलं, 'अन्यायाने रडतो.' तेराच्या तेरा जणांनी गन पिशवीत घातल्या. पुढचं मैदान गाठायचं होतं.

तू मात्र आमच्यात नव्हतीस. तू तिसऱ्या बेसच्या बाजूला उलटी बादली ठेवून बसली होतीस. जाताना चागो तुला ओरडलाही, "तिथून चेंडूचं वळण दिसत नाही गं! तिथून फक्त आइसक्रीमवाला दिसतो!" तू हात हलवलास. मला वाटलं, पोरगी अजून कच्ची आहे, जागा निवडता येत नाही. बापाच्या मनात असं आलं, हेही लिहून ठेवतो.

नोव्हेंबरमध्ये आपल्या कॉन्सुएलोच्या मैदानावर एक कॅचर भेटला, अन्हेलो. उजव्या हाताने बॅट धरत होता आणि डाव्या हाताचा अंगठा भलत्याच दिशेला. मी विचारलं, हे काय रे? तो म्हणाला, "बोलिवारकडचं आहे, डोन. ऑगस्टमधलं. विल्किनचा चेंडू झेलताना अंगठ्याच्या टोकावर बसला. तिसऱ्या डावात." मग जमिनीकडे बघत म्हणाला, "त्या दिवशी माझीपण परीक्षा होती ना. दुखलं म्हणून सांगितलं असतं तर माझं नाव तिथेच कटलं असतं. हात काढून मांड्यांमध्ये दाबून बसलो. तुम्ही सगळे माझ्या पाठीमागे, तुम्हाला काय दिसणार? विल्किनला दिसलं. त्याने उगाच टोपीचा खेळ केला. मी खूण केली, टाक जोरात, मरत नाही मी. तर डोकं हलवून नाही म्हणाला आणि हळू टाकत राहिला, गाढव." पाचव्या डावात दुसरा कॅचर आला आणि विल्किनने त्र्याण्णव टाकला, हेही त्यानेच सांगितलं. तेव्हा मी हायवेवर होतो, काच खाली करून, स्वतःवर खूश.

याहाइरा, मी माझ्याच सापळ्याच्या प्रेमात होतो. अंपायर खोटं बोलला आणि पोरगा थांबला, म्हणून अंपायरमुळेच थांबला असं मी ठरवून टाकलं. त्या पोराच्या डोक्यात अंपायर नव्हताच. आणि रडलाही नव्हता, घाम होता. ऑगस्टच्या सकाळी दहा वाजता आणखी काय असणार? तेरा गन रोखलेल्या असताना, आपली सगळी किंमत त्या आकड्यावर ठरणार हे पक्कं माहीत असताना, सोळा वर्षांचा पोरगा आपला आकडा स्वतःच्या हाताने खाली आणतो आणि तोंडावर काही दिसू देत नाही. एकोणतीस वर्षं मी मनाची ताकद शोधत फिरलो, आणि ती समोर आली तेव्हा तिला पस्तीस दिले. ती ओळखायला योग्य जागी बसावं लागतं. जिथून कॅचरचा हात दिसतो तिथे आमच्यापैकी कुणीही बसलं नव्हतं. एकटी तू बसली होतीस, आणि सगळे निघून गेल्यावरही बसून राहिलीस. हे लिहिताना माझी छाती इतकी फुगली आहे की तुझी आई विचारते आहे, हसताय कशाला एकटेच.

इथपर्यंत वाचून तुला वाटेल, म्हणजे चागो खरं तेच बोलला. पप्पांना नोव्हेंबरपासून माहीत होतं आणि ते गप्प बसले. आता नीट वाच, कारण पत्र एवढ्याचसाठी आहे. मी गप्प बसलो नाही. अन्हेलो भेटला त्याच आठवड्यात विल्किनला आणखी दोनदा बघितलं, दोन्ही वेळा तिसऱ्या बेसच्या बाजूने. जुन्या अहवालातल्या पस्तीसवर लाल शाईची एक रेघ मारली, पासष्ट लिहिलं आणि तारीख घातली, अठरा नोव्हेंबर. आमच्या क्लबाच्या साहेबांचा फोन आला, "डोन, तुम्ही आकडा बदलता? तब्येत बरी आहे ना?" मी म्हटलं, तब्येत झकास आहे, तुम्ही रक्कम वाढवा. त्यांनी वाढवली, तुमच्या क्लबापेक्षा बरीच जास्त. ती घेऊन मी स्वतः विल्किनच्या घरी गेलो. एकदा नाही, तीनदा. तुझ्या तोंडचा घास काढायला गेलो होतो, पोरी, अंगातलं सगळं बळ लावून. त्याची आई दारात यानीकेके, त्या मैद्याच्या पुऱ्या, तळत होती. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा ती झारा न थांबवता म्हणाली, "डोन एलिहिओ, सप्टेंबरमध्ये तुमची मुलगी दर मंगळवारी यायची तेव्हा या अंगणात एक खुर्ची पुरायची. आता मला शेजाऱ्यांकडून मागून आणाव्या लागतात. पोराचा वळता चेंडू अजून कच्चा आहे, हे तिने तोंडावर सांगितलं. तुम्ही सगळे म्हणता, पोरगा हिरा आहे. मी कुणावर विश्वास ठेवू?" मग मला दोन यानीकेके कागदात बांधून दिले आणि दार ओढून घेतलं. अहवालाची नक्कल सोबत जोडली आहे. एकोणतीस वर्षांत माझ्या हातचा कागद क्लबाबाहेर गेला नव्हता, पण त्या पोराची सही झाली, आता या कागदाला फक्त तुझ्या लेखी किंमत आहे. लाल रेघ बघ, तारीख बघ, खाली माझी सही बघ. मी तुला काहीही दिलेलं नाही. तू माझ्याकडून जिंकलीस.

तुझाच,
पप्पा