कानातले बोळे

तीर्थरूप आईस,
तुझ्या पायांवर डोकं ठेवून लिहितोय.

मी बरा आहे. पाला उडवायच्या मशीनवर आता हात बसलाय. काळजी करू नकोस, डोळ्यांना चष्मा लावल्याशिवाय मी ते सुरूच करत नाही. पेट्रोल संपलं की मशीन थंड होऊ देतो, मगच भरतो. जवळून कुणी जाऊ लागलं तर लगेच बंद करतो. मुकादम तर बाकीच्यांना माझंच उदाहरण देतो.

आवाज मात्र कान फाटतील असा, म्हणून कानात बोळे घालावेच लागतात. लहानपणी मी हाकेला ओ दिली नाही की बाबा ओरडायचे ना, "कानात बोळे घातलेस का रे?"

त्या दिवशी खरंच घातले होते गं. पेट्रोल भरायला थांबलो तेव्हा फोन बघितला. बाबांच्या नंबरावरून सात कॉल येऊन गेले होते. मी उलटा लावला, तर तू उचललास. बाबा गेले होते.

तू वेळेवर जेवतेस ना? गुडघा कसा आहे?

एकच विचारतो. मी फोन उचलत नव्हतो तेव्हा बाबा काय म्हणाले? तेच म्हणाले असतील, तरी सांग.

हाकेला ओ न दिलेला,
तुझा धाकटा