आजोबांचा निळा

३ एप्रिल, गुरुवार

रंगाचा डबा परत आला! गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या बाईंचा. "मी आकाशी मागितला होता, तुम्ही हे काय दिलंत?" झाकण उघडून डबा थेट काउंटरवर. मी पाहिला. आकाशीच! मशीनने काढलेला जरा हिरवट वाटत होता म्हणून मीच वरून चार थेंब घालून नीट केला होता. बाई ऐकेनात. मालकांनी दुसरा डबा दिला, वर माफी मागितली. माझ्यादेखत.

महिन्यात परत आलेला हा तिसरा डबा. संध्याकाळी मालक म्हणाले, "मास्तर, आता मशीनच सगळं करतं. तुम्ही बिलाच्या खिडकीत बसा. पायांनाही आराम."

पायांना! एकतीस वर्षं या रंगाच्या दुकानात मी नुसत्या डोळ्यांवर शेड जुळवतोय. लोक जुन्या पडद्याची चिंधी घेऊन येतात, मी तोच रंग डब्यात उतरवून देतो. माझं खरं नाव निम्म्या गिऱ्हाइकांना माहीत नाही, मास्तर म्हटलं की झालं. आणि मी खिडकीत बसून पावत्या फाडू? म्हटलं, विचार करायला वेळ द्या. "सुट्टीवरून या, मग ठरवू," म्हणाले.

हिला सांगितलं. ही एवढंच म्हणाली, "जेवून घ्या आधी."

६ एप्रिल, रविवार

सुट्टीची बैठक आमच्याकडे. थोरली, जावई आणि चिमणी — म्हणजे नात, वय सहा, बोलणं साठीचं. धाकटा फोनवर. समुद्रावर चार दिवस जायचं नक्की झालं. थोरलीने टूम काढली, सगळ्यांना एकसारखे शर्ट विकत घेऊ.

विकत? माझ्यासारखा माणूस घरात असताना? मी म्हटलं, मी रंगवतो. गाठी मारून, मधोमध चक्र. सहाच्या सहा, एकच निळा!

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. धाकटा फोनवरून म्हणतो, "बाबा, मला साधा चालेल हं." पण चिमणी ओरडली, "आजोबा, मला सगळ्यात मोठं चक्र!" संपला विषय.

माझ्या मनात काय आहे ते इथेच लिहितो. सहा शर्ट रंगवायचे, केसभर फरक नको. घालून फोटो काढायचा आणि तो मालकांसमोर ठेवायचा. म्हणायचं, हे मशीनने करून दाखवा. मग बघू कोण बसतंय खिडकीत.

८ एप्रिल, मंगळवार

सहा पांढरे शर्ट आणले. दुकानदाराने चक्क सायीच्या रंगाचे गळ्यात मारले! हिला म्हटलं, बघ, पिवळट आहेत. हिने खिडकीपाशी नेऊन उलटसुलट पाहिले. "पांढरेच आहेत की हो." तिला काय कळतंय. आमच्या चादरीसुद्धा हल्ली पिवळ्या पडल्यात. साबण बदल म्हणून किती दिवस सांगतोय, ऐकेल तर शपथ.

शर्ट दोनदा धुतले. नव्या कापडात खळ असते, ती गेल्याशिवाय रंग आत शिरत नाही. मशीनला हे माहीत असतं का?

१३ एप्रिल, रविवार

रुमालांवर रंगीत तालीम. पुडीतला निळा पाण्यात कालवला, रुमाल बुडवला, काढला — हिरवट! पुडीवर निळा लिहिलंय आणि आत हे. आजकाल कुणावर भरवसाच ठेवायची सोय नाही.

पण मी मास्तर आहे. हिरवटपणा मारायला लाल लागतो. चिमूटभर लाल घातला. अजून हिरवट. आणखी चिमूट. थोरली स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघत होती. "बाबा, पुरे ना आता." म्हटलं, मला शिकवू नकोस. आणखी दोन चिमटी — आणि जमला! गडद, शांत, खोल निळा. पाचवा रुमाल. अंगावर काटा आला माझ्या. प्रमाण वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलंय.

हिने रुमाल दोरीवर टाकला आणि तशीच उभी राहिली. "हा जरा..." म्हणाली.

"हा काय?"

"काही नाही. चहा टाकते."

१४ एप्रिल, सोमवार

बोटं रंगलीत. मालक दिवसभर माझ्या बोटांकडे बघत होते. बघू देत.

१६ एप्रिल, बुधवार

दुकानातून येताना समोरच्या गाड्यांचे दिवे असे पसरतात की रस्ताच दिसत नाही. कसले दिवे बसवतात लोक! एका बाईला धक्का लागता लागता राहिला.

१९ एप्रिल, शनिवार

शर्ट सोड्याच्या पाण्यात अर्धा तास भिजवले, पिळले आणि जेवणाच्या टेबलावर पसरले. मध्यबिंदू फूटपट्टीने काढला — सगळ्यांचा खांद्यापासून तेवढ्याच अंतरावर. जावईबापू म्हणाले, "बाबा, याची मजा म्हणजे कसाही आला तरी छान दिसतो." कसाही! मी एकदा नुसतं बघितलं त्यांच्याकडे. गेले बिचारे भांडी घासायला.

मध्यभागी चिमटीत धरायचं आणि पिळत पिळत चकती करायची. मग रबर, प्रत्येकी चार. चिमणीने आपली चकती स्वतः केली आणि वर बसली. म्हणे, दाबून ठेवते. तिच्या शर्टाचं चक्र आता कसं येईल ते देवच जाणे.

२० एप्रिल, रविवार

रंग घातला. बाटलीने, रेषा रेषा, उलटवून पुन्हा. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून न्हाणीघरात ओळीने ठेवल्यात सहा चकत्या. उद्या संध्याकाळपर्यंत कुणीही हात लावायचा नाही. ही म्हणते, "मग आंघोळ कुठे करायची?" एक दिवस नाही केली तर काय बिघडतं!

मी आज किती दिवसांनी गुणगुणत होतो म्हणे. मला कळलंही नाही.

२१ एप्रिल, सोमवार

उघडले! थंड पाण्यात खळबळवले, पाणी नितळ होईपर्यंत. मग एकेक रबर कापला. एकेक चक्र असं उलगडलं की बस. सहाही शर्ट दोरीवर. एक निळा. केसभर फरक नाही! (चिमणीचं चक्र बसकं आहे. चालायचंच.)

थोरली मुद्दाम आली होती बघायला. "अय्या, बाबा!" एवढंच तोंडातून निघालं आणि हातच ठेवला तोंडावर. आनंदाने वाचाच बसली. मग ही पुढे आली. सगळ्यांकडे एकदा पाहिलं, शाळेतल्या बाई पाहतात तसं, आणि म्हणाली, "छान निळा झालाय. हो की नाही?"

"हो," थोरली म्हणाली. "हो हो," जावई. चिमणी म्हणाली, "पण आजी, हा तर—" आणि हिने तिला उचलूनच आत नेलं, खाऊ द्यायला. बाहेर आली तेव्हा चिमणी एकदम शहाण्यासारखी माझ्यापाशी आली. "आजोबा, हा आजोबांचा निळा आहे."

आजोबांचा निळा! अहो, शेडकार्डात छापावं असं नाव! डोळे भरून आले. एकतीस वर्षांत कुणी रंगाला माझं नाव दिलं नव्हतं.

७ मे, बुधवार

पोचलो. दोन खोल्या, खिडकीतून समुद्र. समुद्रही जरा हिरवट-मळकटच आहे. त्या रंगाच्या पुडीची आणि याची कंपनी एकच असावी!

८ मे, गुरुवार

सगळ्यांनी शर्ट घातले. धाकट्यानेसुद्धा, ज्याला साधा हवा होता त्याने. नाश्त्याला एका रांगेत उतरलो, लोक वळून वळून बघत होते. वाढप्या आतल्या माणसाला म्हणाला, "त्या जांभळ्या मंडळींना आणखी पाव दे." मी मागे वळून पाहिलं, जांभळं कुणीच नव्हतं. हॉल अर्धा रिकामा. पाव मात्र आमच्याच टेबलावर आला. धाकट्याला ठसका लागला, पाणी नाकातून आलं, ही त्याची पाठ थोपटत होती आणि तिचेही खांदे हलत होते. हसू कशाचं आलं ते विचारलं तर कुणी सांगेना.

दुपारी वाळूत फोटो. एका अनोळखी गृहस्थाने काढून दिला. सहा जण, सहा चक्रं, मागे पाणी. असा फोटो आमचा याआधी कधी निघाला नव्हता. मी मध्ये आहे आणि दात दिसताहेत.

९ मे, शुक्रवार

संध्याकाळी आम्ही दोघंच बाकावर. पोरं पाण्यात. ही म्हणाली, "अहो, त्या होडीवरचा झेंडा कोणत्या रंगाचा आहे?" म्हटलं, काळा. "आणि ती पिशवी? त्या बाईच्या हातातली?" म्हटलं, करडी असावी, का गं? परीक्षा घेतेस का?

ती माझा हात हातात घेऊन बसली. एवढ्या लोकांत! लग्नाला बत्तीस वर्षं झाली, चारचौघांत हात कधी धरला नव्हता हिने.

मग म्हणाली, "फोटो दुकानात दाखवू नका."

"का?"

"घरचा फोटो. दुकानात कशाला?"

"अगं, त्यासाठीच तर सगळा खटाटोप!"

"माझं ऐका." पण का, ते सांगेना. डोळ्यांत पाणी होतं. वाऱ्याने असेल.

१२ मे, सोमवार

दाखवला.

मालकांच्या टेबलावर फोन ठेवला. म्हटलं, बघा, सहा शर्ट, हाताने, डोळ्यांवर. एकच निळा. मशीनला सांगा असा निळा काढायला.

मालकांनी फोन उचलला. फोटो मोठा करून पाहिला. माझ्याकडे पाहिलं, पुन्हा फोटोकडे. मला वाटलं, जिंकलो. मग उठून त्यांनी केबिनचं दार लावलं. दार लावताना त्यांना मी कधी पाहिलेलं नाही.

"मास्तर, शर्ट सुरेख आहेत. सगळे एकसारखे आहेत, त्यात प्रश्नच नाही." फोन माझ्याकडे सरकवला. "डोळे तपासून घ्या. उद्याच."

म्हटलं, माझे डोळे?

"तुमचेच. शेडच्या काउंटरवर दुसऱ्या कुणाला बसवत नाही. तुमची खुर्ची तिथेच राहील. डोळे दाखवून या."

कसा घरी आलो, आठवत नाही. हिला सांगितलं. म्हटलं, फोटोत काय आहे असं? ही म्हणाली, "डॉक्टरांकडे जाऊन येऊ. मग सांगते." मी ओरडलो तिच्यावर. ती उलट ओरडली नाही, डॉक्टरांची वेळ घ्यायला फोन उचलला.

१३ मे, मंगळवार

मोतीबिंदू. दोन्ही डोळ्यांत. डॉक्टर म्हणाल्या, "बराच पिकलाय. हळूहळू येतो, म्हणून कळत नाही. सगळं पिवळ्या काचेतून बघितल्यासारखं दिसतं. रंग ओळखता येतात का?"

मी म्हटलं, मला दुसरं येतंच काय?

१५ मे, गुरुवार

भीती वाटते. लिहायला लाज वाटते, पण वाटते. ऑपरेशनची नाही, अर्ध्या तासाचं आहे म्हणे. परत आलेले ते तीन डबे डोळ्यांसमोरून हलत नाहीत. माझे कोणते रंग बरोबर होते? कधीपासून? लोकांच्या किती खोल्या मी...

नको. डोळे मिटून पडतो.

३ जून, मंगळवार

उजव्या डोळ्याचं झालं. पट्टी आहे. डाव्याने लिहितोय, ओळ वर चाललीय. चिमणी फोनवर विचारत होती, समुद्री चाच्यासारखी दिसते का पट्टी? दिसते म्हटलं.

४ जून, बुधवार

सकाळी पट्टी निघाली. चादर पांढरी आहे. पांढरीशुभ्र! उजवा मिटला की पुन्हा चहा सांडल्यासारखी. हिच्या साबणाची आधी माफी मागितली.

घरी येऊन कपाट उघडलं. शर्ट जांभळा. जांभळाठिक्कर! हिचा बाहेर काढला, तोही. डाव्या डोळ्याने निळा, उजव्याने जांभळा, पाच वेळा करून पाहिलं. ही दारात उभी होती. म्हणाली, "तुम्ही गुणगुणत होतात हो. कुणाची जीभ रेटेना."

उद्या मालकांना सांगून गल्लीच्या टोकाच्या बाईंकडे जाणार आहे. बाकीच्या दोघांकडेही.

आत्ता चिमणीला फोन केला. म्हटलं, खरं सांग बाळा, आपल्या शर्टांचा रंग कोणता? तिने आवाज अगदी खाली आणला —

"थांबा हं आजोबा, आजीला विचारून सांगते."