दोष छर्ऱ्यांचा आहे

२ नोव्हेंबर
निर्णय घेतला. विकतचे छर्रे बंद. यापुढे शिसं वितळवून स्वतःचे छर्रे स्वतः पाडायचे.

कारण उघड आहे. एअर पिस्तूल उत्तम आहे, ऑलिंपिकमध्ये असतं तसलंच. नजर चष्मा लावला की ठणठणीत. हाताबद्दल तर बोलायलाच नको. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर उभी हयात काढली, एका किलोचा वाद कधी झाला नाही. मग दहा मीटरवरचा कागद सोडून छर्रा बराखीच्या फळीत का घुसतो? (कांदे विकून झालेत, बराख रिकामी आहे, तिथेच सराव करतो.) पिस्तूल बरोबर, माणूस बरोबर, म्हणजे दोष छर्ऱ्यांचा.

जानेवारीत पुण्याला साठीपुढच्यांची नेमबाजी स्पर्धा आहे. त्याआधी क्लबात सात डिसेंबरला चाचणी. चारशेपैकी तीनशे गुण लागतात. जायचंच. निवृत्त झाल्यापासून मला कोणी काही विचारत नाही, अगदी भाजी कोणती करू हेसुद्धा. दिवाळीला सगळ्यांसमोर सांगून बसलोय की यंदा पुण्याला नेम धरणार. सुभाष, म्हणजे माझ्या बायकोचा, वैजयंतीचा भाऊ, निवृत्त सुभेदार, त्याने तेव्हा हसू दाबलं. मी बघितलं.

५ नोव्हेंबर
आळेफाट्याला टायरवाल्यांकडे हिंडलो. चाक डुगडुगू नये म्हणून रिमला शिशाचे तुकडे ठोकतात, ते जुने झालेले हवे होते. पहिल्या दुकानात विचारलं, कशाला पाहिजेत? म्हटलं, गोळ्या पाडायच्यात, पिस्तुलाच्या. त्याने अख्खा डबा काढून दिला आणि शटर अर्धं खाली ओढलं.

संध्याकाळपर्यंत गावात बातमी : रामदासभाऊ बिबट्यासाठी गोळ्या पाडतायत. दोघेजण घरी विचारायला आले, आमच्या उसात बी येता का राव? मी नाही म्हटलं नाही. बघू म्हटलं. बऱ्याच दिवसांनी झोप बरी लागेल.

चहा आजपासून स्टीलच्या ग्लासात, तोही अर्धा. कपबशी फार वाजते. हल्लीच्या बश्यांना खोलीच नाही.

९ नोव्हेंबर
साचा कुरियरने आला. छोटासा, दोन खणांचा. वैजयंती बचत गटाच्या मीटिंगला गेल्याची संधी साधून मागच्या अंगणात चूल पेटवली. तिची एक जुनी लोखंडी कढई नुसतीच पडून असते, ती घेतली. शिसं सुरेख वितळलं. मग पळीने ओतायला घेतलं. थोडं साच्यात गेलं, बाकीचं फरशीवर, एक थेंब चपलेवर.

पळीचा दांडा फार लांब आहे. बॅलन्स चुकलाय.

वैजयंती आली. कढई पडून नसते म्हणे, ती तिच्या आईची आहे आणि त्यात वर्षाचे डिंकाचे लाडू होतात. आता त्यात जन्मात काही शिजवता येणार नाही. तासभर बोलली. जेवताना मात्र म्हणाली, पळीला काय झालं न्हाई, हात हालतोय तुमचा. नारायणगावला डॉक्टरला दाखवू. म्हटलं, स्पर्धेनंतर.

१२ नोव्हेंबर
दाढी वाढवायचं ठरवलं. नेमबाजाला शोभते. शिवाय हल्लीच्या ब्लेडांना धार फार.

१५ नोव्हेंबर
ओतायचं काम वैजयंतीकडे सोपवलं. म्हणजे तिने पळी हातातून काढूनच घेतली, अंगावर सांडून घ्याल म्हणाली. सोपवलं असंच म्हणायला हवं. मोठ्या कामात माणसाने सगळं स्वतः करायचं नसतं.

पुरणपोळीवर तूप सोडावं तसं ओतते. एक थेंब बाहेर नाही. पहिले छर्रे सुरकुतलेले निघाले, तर म्हणाली, साचा गार हाय, तवा तापल्याशिवाय घावन येतंय व्हय? साचा तापवला. नंतरचे गुळगुळीत निघाले. मीही तेच सांगणार होतो.

तपासणी माझ्याकडे. नारायणगावच्या सोनाराकडून छोटा काटा आणलाय. एकेक छर्रा जेमतेम अर्ध्या ग्रॅमचा, चिमट्याने उचलून ठेवायचा. चिमटा भिकार निघाला, सारखे निसटतात. शेवटी वैजयंती ठेवत गेली आणि मी आकडा मोठ्याने वाचत गेलो. जबाबदारीचं काम आहे.

१८ नोव्हेंबर
घरच्या छर्ऱ्यांनी पहिला सराव. कागद कोरा. बराखीच्या दारावरचा दिवाळीचा झेंडू उडाला.

कारण लगेच सापडलं. उसाच्या ट्रॉल्या. गाळप जोरात आहे, रस्त्याने एकामागून एक जातात, सगळी जमीन हादरते. यापुढे दुपारी जेवणाच्या वेळेला सराव, तेव्हा ड्रायव्हर लोक थांबतात.

२१ नोव्हेंबर
दुपारीही तेच. कदाचित ऊन तिरपं येतं.

बँकेत गेलो होतो. सही जुळत नाही म्हणून चेक परत दिला. तीस वर्षांचं खातं! कम्प्युटर आल्यापासून या लोकांनी माणूस ओळखणं सोडून दिलंय. त्या मुलीने पुन्हा करून बघा म्हणून तीनदा सही करायला लावली, मग दया आल्यासारखी आधार कार्डाची झेरॉक्स मागितली. वैजयंती बाजूला उभी होती. येताना एसटीत खिडकीतून बाहेर बघत होती. मी विचारलं नाही काय झालं म्हणून.

२४ नोव्हेंबर
मोबाइलवर वाचलं. टायरचं शिसं कडक असतं, एअर पिस्तुलाला मऊ लागतं! तीन आठवडे फुकट. पण मूळ सापडलं याचं समाधान. येडगाव धरणावर जाऊन मासेमारांकडून जाळ्याला लावायचं शिसं आणलं.

संध्याकाळी पुन्हा चूल. वैजयंती बसली ओतायला. मी लाकडं सारत होतो. छर्रे साच्यातून टपटप पडत होते आणि ती चक्क गुणगुणत होती. एक छर्रा तळहातावर घेऊन म्हणाली, लई देखण्या झाल्यात. गोळीला देखणी म्हणणारी ही तालुक्यातली पहिलीच बाई. मग मला साबणाने दोनदा हात धुवायला लावले, तरीही पहिला घास तिनेच भरवला. शिशाचा हात तोंडात नको म्हणून. असं ती म्हणाली.

बरं वाटलं. उगाच लिहून ठेवतोय.

३० नोव्हेंबर
आठवडा राहिला. पहाटे उठायचं, प्राणायाम करायचा, चहा सोडायचा.

पहाटे उठलो नाही. बिबट्या फिरतोय म्हणून गावात दवंडी आहे, उगाच धोका कशाला. प्राणायामाला पहाट लागते. चहा सोडला होता, पण डोकं दुखल्याने हात जास्तच… डोकं दुखलं म्हणून परत सुरू केला.

कंटाळा आलाय खरं तर. चाचणी एकदाची होऊन जाऊ दे.

७ डिसेंबर
चारशेपैकी एकशे बेचाळीस.

शेजारच्या लेनवरच्या माणसाचा जोरजोरात श्वास. डोक्यावर पंखा, डिसेंबरात! माझे दोन छर्रे त्या शेजाऱ्याच्या कागदावर लागले, त्यातला एक नऊच्या वर्तुळात. याची नोंद कोणी घेत नाही.

ऋषी, क्लबाचा कोच, पोरगा चांगला आहे. बाजूला घेऊन म्हणाला, काका, छर्रे भारी बनवलेत, कुठं शिकलात? मग म्हणाला, एकदा हाताचं बघून घ्या ना. याला वैजयंतीने फोन केलेला दिसतो.

येताना विचार केला. शिसं मऊ, वजन सारखं, तरी असं होतं म्हणजे एकच गोष्ट उरते. नळी. पिस्तुलाची नळी वाकडी आहे. ऋषीला फोन केला. तो म्हणाला, पिस्तूल खराब निघालं तर पुढच्या रविवारी क्लबाच्या पिस्तुलावर पुन्हा चाचणी घेऊ. शब्द दिलाय त्याने.

१० डिसेंबर
आळेफाट्याला गोरखच्या वर्कशॉपमध्ये गेलो. तो ट्रॉल्या वेल्डिंग करतो, त्याच्याकडे मोठा वाईस आहे. पिस्तूल रबरात गुंडाळून त्यात पक्कं आवळायचं, हात न लावता उडवायचं. छर्रे इकडेतिकडे पांगले की नळी वाकडी हे सिद्ध. मग कंपनीला तक्रार. साक्षीदार हवा म्हणून सुभाषला बोलावलं. पुढे ओझरला गणपतीला जायचं म्हणून वैजयंतीही होती.

दहा मीटरवर फळीला कागद लावला. गोरखने घोड्याला सुतळी बांधली. त्याने ओढायची, मी फक्त छर्रा भरायचा. भरायला वेळ लागला, खाली दोन पडले, मग वैजयंतीने भरले. असे पाच उडवले.

कागद बघायला गेलो. एकच भोक. सुभाष म्हणाला, बाकीच्या कुठं गेल्या? मी म्हटलं, बघा! नळी! पार बाहेर फेकतेय! गोरखने स्क्रू ड्रायव्हरने फळी कोरली. पाचही छर्रे आत एकामागे एक बसलेले.

सुभाषने टाचा जुळवून कडक सॅल्यूट ठोकला. दाजी, म्हणाला, आर्मीत बी मी असली गोळी बघितली न्हाई, आपल्या घरात बनली ही? मला इतका आनंद झाला की मी ओरडलोच. बघा म्हटलं! कसले छर्रे आहेत! वैजूने ओतलेत! गोरखला सगळ्यांसाठी चहा सांगायला लावला.

चहा आला. मी अजून बोलतच होतो. सुभाषने सॅल्यूटचा हात खाली घेतला होता आणि तो माझ्या ग्लासाकडे बघत होता. गोरखला एकदम कुठल्यातरी ट्रॉलीचं काम आठवलं. वैजयंतीने फळीवरून कागद काढला, नीट घडी घातली, पर्समध्ये ठेवला.

तेव्हा कळलं. पिस्तूल बरोबर. छर्रे बरोबर.

भीती वाटली. साधी, लहान पोराला वाटते तसली. ओझरला रांगेत वैजूने माझा हात धरला होता, गर्दी नसताना. ऋषीला फोन केला नाही.

१३ डिसेंबर
नारायणगाव. डॉक्टर तरुण बाई आहेत. हात पुढे करा म्हणाल्या, बोट नाकाला लावा म्हणाल्या. कधीपासून आहे विचारलं. मी म्हटलं, नोव्हेंबरपासून, जरा दगदग झाली. वैजयंती म्हणाली, दोन वर्सं व्हतील.

सुभाष बाहेर बाकावर बसून होता. नंबर त्यानेच सकाळी येऊन लावलेला. हसला नाही एकदाही. हसला असता तर बरं झालं असतं.

मग डॉक्टरांनी कोरा कागद दिला आणि मधून सुरुवात करून जिलबी काढायला सांगितली, मनगट टेबलाला न टेकवता. काढली. त्या ती बघून पुण्याच्या मोठ्या डॉक्टरांच्या नावे चिठ्ठी लिहायला लागल्या, त्याच पेनने.

मी लक्ष ठेवून होतो. अडखळलं नाही, सांडलं नाही, रेघ सरळ येत होती.

पेन चांगलं होतं.